रेटिनात चिप बसवून किंवा करंट देऊन दृष्टी परत येते का? आरपीसाठी माहिती हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

माझ्या मामेभावाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे आरपी आहे. यात रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, हळूहळू झिजतो आणि हा आजार आनुवंशिक असतो. शाळेत असताना नुसतं रातांधळेपण होतं. तिशीत कडेचं दिसणं आकसत गेलं आणि आता समोरचा लहानसा गोल उरलाय. त्या गोलात तो अजून मोबाइलवरची मोठी अक्षरं वाचतो, पण घरात चालताना पाटाला, बादलीला पाय लागतो. मामा-मामी हे आते-मामे भावंडं आहेत, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपातल्या चिपची बातमी आली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. "अंध लोक पुन्हा वाचायला लागले" हा व्हिडिओ प्रत्येक नातेवाइकाने पाठवला. मामी म्हणतात, रानाचा तुकडा विकू पण करू. त्यातच एका दवाखान्याने "रेटिनाला करंट देऊन झोपलेल्या पेशी जाग्या करतो" असं सांगून बैठकांचं पॅकेज सुचवलंय, आगाऊ पैसे भरून.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. विजेने खरंच दिसतं का, आणि दिसत असेल तर नेमकं काय दिसतं? आणि या दवाखान्याचा करंट आणि बातमीतली चिप एकच आहे का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मामींना वाचून दाखवणार आहे.

कवडसा

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रेटिनाच्या ओपीडीत काम करते. हा प्रश्न गेले काही महिने सतत येतोय, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी सर्वांत महत्त्वाचं. ऑक्टोबरमधली ती बातमी आरपीची नव्हती. प्रिमा नावाची ती चिप ज्यांना बसवली त्यांना उतारवयात होणारी मॅक्युलाची, म्हणजे रेटिनाच्या मध्यभागाची, झीज होती, एएमडीचा कोरडा आणि पुढे गेलेला प्रकार. त्यात नजरेचा मध्य जातो आणि कडेचं शाबूत राहतं. तुमच्या भावाचं बरोबर उलट आहे, कडा गेल्या आणि मध्य उरला. ती चिप मध्याच्याच रेटिनाखाली सरकवतात. म्हणजे भावाला आज ज्या गोलातून वाचता येतं, नेमका त्याच जागी हात घालावा लागेल. कुठलाही जबाबदार सर्जन आज हे करणार नाही. मामींना आधी एवढं सांगा, जमिनीचा विषय तिथेच थांबेल.

आता वीज का चालते ते. रेटिनात पेशींचे थर असतात. रॉड आणि कोन प्रकाश पकडतात, ते बायपोलर पेशींना कळवतात, बायपोलर गँग्लियन पेशींना कळवतात आणि गँग्लियन पेशींचे लांब तंतू एकत्र येऊन ऑप्टिक नर्व्ह होते, ती मेंदूकडे जाते. आरपी आणि एएमडी दोन्हींत मरतो तो मुख्यतः पहिला थर. पुढच्या पेशींची जुळणी हळूहळू बिघडत जाते, पण त्यातल्या बऱ्याच पेशी वर्षानुवर्षं जिवंत असतात. त्यांना बाहेरून करंट दिला तर त्या मेंदूला संदेश पाठवतात आणि माणसाला उजेडाचा ठिपका दिसतो. याला फॉस्फीन म्हणतात.

हे ज्ञान फार जुनं आहे. १७५५ मध्ये फ्रान्सच्या चार्ल्स लरॉय यांनी एका अंध माणसाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून विजेचा झटका दिला होता, त्याला लखलखाट दिसला. दृष्टी अर्थातच आली नाही. लखलखाट आणि दृष्टी यांच्यात किती अंतर आहे, सगळा प्रश्न तिथेच आहे.

तारतम्य

कवडसा यांनी उत्तम मांडलंय. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. वैद्यकीय उपकरणांच्या डिझाइनमध्ये काही वर्षं काढली, त्यामुळे यंत्राच्या बाजूने भर घालतो.

आरपीसाठी जे यंत्र प्रत्यक्ष बाजारात आलं ते आर्गस २. कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीचं, त्यामागे डॉ. मार्क हुमायून यांचं मोठं काम. युरोपात २०११ ला आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ ला मान्यता मिळाली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर, चष्म्याच्या काडीवर कॉइल. तिथून बिनतारी पद्धतीने डोळ्यावर बसवलेल्या दुसऱ्या कॉइलला वीज आणि संदेश जातात. आत रेटिनावर इलेक्ट्रोडची पट्टी, ती एका सूक्ष्म टाचणीने जागेवर टाचलेली. इलेक्ट्रोड किती? ६०. सहा ओळी, दहा स्तंभ.

६० ठिपक्यांच्या रांगोळीत निदान एखादं कमळ तरी काढता येतं, असं आपल्याला वाटतं. पण इथे ठिपके ठिपक्यासारखे राहत नाहीत. पट्टी रेटिनाच्या आतल्या पृष्ठभागावर बसते आणि नेमके तिथूनच दूरच्या गँग्लियन पेशींचे तंतू ऑप्टिक नर्व्हकडे निघालेले असतात. इलेक्ट्रोडने करंट सोडला की खालच्या पेशीबरोबर वरून जाणारे तंतूही पेटतात. मेंदूला वाटतं की उजेड त्या तंतूच्या मूळ पेशीपाशी पडला. परिणामी एका ठिपक्याऐवजी लांबुळकी रेघ किंवा कमान दिसते. दोन इलेक्ट्रोड एकदम चालवले तर दोन कमानी एकमेकींत मिसळतात.

दुसरी अडचण. निरोगी रेटिनात काही गँग्लियन पेशी उजेड वाढला की बोलतात, काही उजेड कमी झाला की. करंट हा फरक जाणत नाही, दोघींना एकदम बोलायला लावतो. मेंदूला "उजळलं" आणि "अंधारलं" हे दोन्ही निरोप एकाच जागेवरून येतात.

तिसरी. कॅमेरा डोक्यावर आहे, डोळ्यात नाही. त्यामुळे बुबुळ फिरवून उपयोग नाही, अख्खी मान फिरवून खोली चाचपावी लागते. शिवाय एकाच जागी करंट चालू ठेवला तर दिसणारा ठिपका विरत जातो, म्हणून मान हलती ठेवावी लागते. ज्यांना बसवलं त्यांनी हे शिकायला महिनोन्‌महिने सराव केला.

करंट वाढवला की जास्त दिसेल असंही नाही. प्रत्येक स्पंद धन आणि ऋण असा तंतोतंत समतोल ठेवावा लागतो. तसं केलं नाही तर धातू झिजतो आणि भोवतालचं ऊतक जळतं. इलेक्ट्रोड लहान केले तर जास्त बसतात, पण प्रत्येकातून सुरक्षितपणे सोडता येणारा करंट कमी होतो.

पांढरी_काठी

मी स्वतः आरपीवाला. आता उजेड-अंधार एवढंच कळतं. हा प्रतिसाद टॉकबॅक आणि स्क्रीन रीडरवर लिहितोय, टंकनात चूक राहिली तर सांभाळून घ्या.

आर्गसच्या चाचणीत सर्वांत चांगल्या रुग्णाची दृष्टी २०/१२६० मोजली गेली. आपल्याकडच्या मापात साधारण ६/३७८. निरोगी डोळ्याला पाऊणचारशे मीटरवरून जे कळतं ते यांना सहा मीटरवर आल्यावर कळतं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ३/६० च्या खाली दृष्टी असेल तर ती व्यक्ती अंध धरली जाते. म्हणजे यंत्र बसवून, सराव करून, सर्वांत यशस्वी ठरलेला माणूसही अंधत्वाच्या रेषेच्या बराच खाली राहतो. ही पहिली गोष्ट मामींना नीट कळू द्या.

पण याला "काहीच नाही" म्हणू नका, मला ते पटत नाही. चाचणीत लोकांना पांढऱ्या भिंतीतला काळा दरवाजा सापडत होता, जमिनीवरच्या पट्ट्यावरून चालता येत होतं, काळे, करडे आणि पांढरे मोजे वेगळे करता येत होते. ज्याला दहा-पंधरा वर्षं नुसता काळोख आहे त्याला समोरचा माणूस उठून डावीकडे गेला एवढं कळणं ही मोठी गोष्ट आहे. मला ते मिळालं तर मी घेईन. फक्त त्यासाठी घर विकणार नाही.

तुमच्या भावासाठी आज करता येण्यासारखं सांगतो, कारण त्याच्याकडे अजून दृष्टी आहे. स्टीलच्या ताटात पांढरा भात हरवतो. काळ्या किंवा गडद निळ्या ताटात वाढा, तोच भात त्याला दिसेल. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी लावा. मोरीतली बादली आणि तांब्या रोज एकाच जागी. संध्याकाळनंतर बाहेर पडताना काठी हातात घ्यायला आत्ताच शिकू दे. मी काठी घ्यायला फार उशीर केला नाही, त्याचं श्रेय माझ्या बायकोला.

मु_पो_स्टुटगार्ट

मी जिथे राहतो तिथून जवळच रॉयटलिंगेन आणि ट्युबिंगेन. आर्गसची जर्मन भावंडं इथली, म्हणून लिहितो. प्रा. एबरहार्ट त्स्रेनर आणि त्यांच्या चमूने अल्फा नावाची चिप केली. ती रेटिनाच्या वर नव्हे, खाली बसायची, मेलेल्या रॉड-कोनच्या जागी. ३ गुणिले ३ मिलिमीटर आणि त्यात सुमारे १५०० प्रकाशसंवेदी घटक. कॅमेरा नाही. माणूस ज्या बाजूला बुबुळ वळवेल ते दिसणार, कारण चिप डोळ्याबरोबर फिरते. मात्र वीज लागते, म्हणून कातडीखालून एक केबल कानामागे नेलेली असायची.

काहींना टेबलावरची वस्तू ओळखता आली, एक-दोघांनी मोठी अक्षरं वाचली, बऱ्याच जणांना मर्यादितच फायदा झाला. २०१३ ला युरोपात मान्यता आणि २०१९ ला कंपनीने काम गुंडाळलं. विज्ञान खोटं नव्हतं. पण रुग्ण मोजके, नियमनाचा खर्च प्रचंड आणि परिणाम अपेक्षेइतके नाहीत, यात ती टिकली नाही.

तारतम्य

आर्गसचंही तेच झालं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत गंभीर बाब ही आहे. दृष्टी किती येते यापेक्षाही.

जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांना आर्गस २ बसवलं गेलं. किंमत अमेरिकेत सुमारे दीड लाख डॉलर, शस्त्रक्रिया आणि सराव वेगळा. २०१९ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. रुग्णांच्या डोळ्यात यंत्र तसंच. चष्मा तुटला, प्रोसेसर बिघडला, तर नवीन भाग कुठून आणायचा? काही जण एकमेकांकडचे जुने भाग मिळवत होते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गाडी बदलत असताना एका बाईंच्या यंत्राने बीप दिले आणि ते कायमचं बंद पडलं. हे २०२२ च्या सुरुवातीला आयईईई स्पेक्ट्रम या तंत्रज्ञानविषयक मासिकाने उजेडात आणलं तेव्हा जगाला कळलं. त्याच वर्षी कंपनी दुसऱ्या एका औषध-उपकरण कंपनीत विलीन झाली.

डोक्यात ट्यूमरची शंका आली, एमआरआय करायचाय, तर रेडिऑलॉजिस्ट विचारतो की डोळ्यात हे काय आहे, कोणत्या चुंबकीय तीव्रतेपर्यंत चालेल? उत्तर द्यायला कंपनीत माणूस हवा. काढून टाकायचं म्हटलं तर पुन्हा डोळ्याची शस्त्रक्रिया.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. माणूस चाळीस वर्षं जगणार असेल, तर चाळीस वर्षं सुटे भाग आणि माहिती कोण देणार हे लेखी असल्याशिवाय कायमचं रोपण मंजूरच होऊ नये. कंपनी बुडाली तर डिझाइनची कागदपत्रं आणि सॉफ्टवेअर एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे आपोआप जायला हवं. रुग्ण म्हणजे ग्राहक नाही, त्याच्या शरीरात ते यंत्र शिवलेलं आहे.

मंदार_प

एवढं निराश होण्याचं कारण नाही असं मला वाटतं. कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवायच्या यंत्राचं, उदाहरण बघा. सत्तरच्या दशकात एकाच इलेक्ट्रोडचं यंत्र होतं, लोक म्हणायचे यातून फक्त आवाजाची चाहूल लागेल. १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रेम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचं बसवलं आणि आज लहान मुलं त्यावर बोलायला शिकतात. आपल्याकडे केंद्राच्या एडिप योजनेतून गरीब घरातल्या मुलांनाही ते मिळतं. माझ्या भाचीला बसवलंय, ती मराठी शाळेत जाते आणि कविता म्हणते. डोळ्याचंही वीस वर्षांत तसंच होईल.

तारतम्य

मंदार, भाचीचं वाचून फार बरं वाटलं. कॉक्लिअरच्या यशामुळेच डोळ्याच्या कामाला पैसा आणि धीर मिळाला, हे खरं. पण दोन्हींत मोठा फरक आहे. कानाच्या नर्व्हमध्ये सुमारे ३०,००० तंतू, डोळ्याच्या नर्व्हमध्ये दहा लाखांच्या घरात. बोलणं समजायला मोजके कंप्रतेचे पट्टे पुरतात, बाकीचं मेंदू संदर्भाने भरून काढतो. मावशीचा चेहरा ओळखायला आठ-दहा पट्टे पुरत नाहीत. वीस वर्षांत प्रगती होईल, पण त्याच वाटेने आणि त्याच वेगाने होईल असं धरून चालता येत नाही.

प्रिमाबद्दल मात्र मलाही मनापासून आशा वाटते, कारण तिने वरच्या बऱ्याच अडचणींना हात घातलाय. स्टॅनफर्डच्या डॅनियल पालांकर यांची मूळ कल्पना. चिप २ गुणिले २ मिलिमीटर, जाडी ३० मायक्रॉन, त्यात ३७८ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बारीक सौरघट. केबल नाही, बॅटरी नाही. चष्म्यावरचा कॅमेरा चित्र घेतो आणि चष्मा तेच चित्र ८८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणांनी डोळ्यात टाकतो. त्याच किरणांवर पिक्सेल करंट तयार करतो. हे किरण उरलेल्या रॉड-कोनना दिसत नाहीत, त्यामुळे कडेची नैसर्गिक नजर आणि चिपची नजर एकत्र वापरता येते. करंट परतण्याचा मार्ग प्रत्येक पिक्सेलपाशीच असल्यामुळे तो पसरत नाही. आणि चिप बायपोलर पेशींना जागं करते, म्हणजे रेटिनाची उरलीसुरली स्वतःची प्रक्रिया कामी येते, तंतूंच्या कमानींचा त्रास टळतो.

निकाल असे. पाच युरोपीय देशांत ३८ रुग्ण, वर्षभरानंतर ३२ जणांची तपासणी झाली, त्यातल्या २६ जणांची दृष्टी अर्थपूर्ण सुधारली. सरासरी पंचवीसेक अक्षरं, म्हणजे तक्त्यावरच्या पाच ओळी. मात्र हे झूम वापरून, १२ पटीपर्यंत. दिसतं ते काळं-पांढरं, करड्या छटा नाहीत, चेहरे नाहीत. १९ जणांना मिळून २६ गंभीर त्रास झाले, जसं डोळ्याचा दाब वाढणं किंवा रेटिनाखाली रक्त साकळणं. बहुतेक दोन महिन्यांत निवळले. पुस्तकाचं नाव, औषधाच्या खोक्यावरची अक्षरं एकेक करून वाचणं, अशी ही नजर आहे. ऐंशीच्या आसपासच्या माणसाला ती फार मोलाची.

आणि माझी मूळ चिंता इथेही आहेच. प्रिमा करणारी पॅरिसची पिक्सियम व्हिजन दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायन्स कॉर्पोरेशनने ती घेतली म्हणून काम पुढे सरकलं. घेणारं कुणी आलं नसतं तर त्या ३८ जणांचं काय?

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मामींना वाचून दाखवलं. "मग हा आजार वेगळा आणि तो वेगळा" एवढं त्यांना पक्कं कळलं. भाऊ "पाऊणचारशे मीटर" ऐकून बराच वेळ त्यावर बोलत होता, त्याला कुणी असं आकड्यात कधी सांगितलंच नव्हतं.

आता तो दवाखान्याचा करंट राहिला. ते म्हणतात जर्मनीतलं तंत्र आहे.

कवडसा

जर्मनीत एक उपचार खरोखर आहे. त्यात डोळ्याच्या वर, कॉर्नियाला टेकेल असा बारीक धाग्यासारखा इलेक्ट्रोड ठेवतात आणि आठवड्यातून एकदा साधारण अर्धा तास अगदी सौम्य करंट देतात. डोळ्यात काहीही रोपण नाही. पण त्याचा हेतू ऐका: उरलेल्या पेशींची झीज थोडी मंदावते का, एवढाच. गेलेली नजर परत आणणं हा हेतूच नाही. अभ्यास छोटे आहेत आणि निष्कर्ष संमिश्र. मेलेला रॉड करंटने जागा होत नाही, तो झोपलेला नसतोच.

पूर्वी क्यूबात आरपीवर शस्त्रक्रिया, ओझोन आणि विद्युत उत्तेजन असं एकत्र पॅकेज द्यायचे, जगभरातून लोक पैसे जमवून गेले. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी परतलेल्या रुग्णांना तपासलं तेव्हा फायदा आढळला नाही. आपल्या लोकांनी पुन्हा त्याच वाटेने जाऊ नये असं फार वाटतं.

दवाखान्याला विचारा: ही संशोधन चाचणी आहे का? असेल तर सीटीआरआय, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक द्या. भारतात चाचणीची नोंदणी तिथे व्हावीच लागते, तो क्रमांक टाकून कुणालाही तपशील बघता येतो, आणि चाचणीतल्या प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. चाचणी नसेल, तर कोणत्या यंत्राने, किती मायक्रोअँपिअर, सुरुवातीची दृष्टीक्षेत्राची तपासणी कुठे आहे आणि वर्षानंतरची कशाशी ताडणार? यावर गोलगोल उत्तर आलं तर उठून या.

पैसे खर्चायचेच असतील तर या गोष्टींवर खर्चा. ओसीटी, म्हणजे रेटिनाच्या थरांचं स्कॅन, करून घ्या. आरपीत मॅक्युलाला सूज येऊ शकते आणि ती औषधाने कमी होऊ शकते. मोतीबिंदूही लवकर येतो, त्याची शस्त्रक्रिया होते. या दोन्हींमुळे आहे तो गोल जास्त स्वच्छ राहतो. मग जनुकीय तपासणी. आरपीईसिक्स्टीफाइव्ह या एका जनुकातल्या दोषासाठी अमेरिकेत २०१७ पासून जनुकीय उपचार मंजूर आहे. किंमत आवाक्याबाहेरची, दोन्ही डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर, आणि हा दोष फार थोड्या रुग्णांत असतो. तरी कोणता दोष आहे हे माहीत असेल तर पुढे चाचण्या निघतील तेव्हा नाव नोंदवता येतं. घरातल्या पुढच्या पिढीच्या लग्नांचा विचार करतानाही ही माहिती लागते. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या पाहणीत साडेसातशे माणसांमागे एक आरपी आढळला होता, पाश्चात्त्य देशांत तो सुमारे चार हजारांमागे एक असतो. नात्यातली लग्नं हे त्यामागचं एक कारण मानतात.

पांढरी_काठी

आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. दृष्टीक्षेत्र १० अंशांच्या आत असेल तर मधली अक्षरं वाचता येत असली तरी कायद्याने ती व्यक्ती अंध गणली जाते. कित्येक आरपीवाले "मला तर वाचता येतं" म्हणून जातच नाहीत आणि नोकरीतलं आरक्षण, रेल्वेची सवलत सगळं घालवतात. जाताना फील्ड टेस्टचा, म्हणजे दृष्टीक्षेत्राच्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवा, नुसत्या तक्त्याच्या तपासणीवर प्रमाणपत्र अडतं.

मु_पो_स्टुटगार्ट

एक भर. विजेशिवाय दुसरी वाटही चालू आहे. गँग्लियन पेशींमध्येच प्रकाश ओळखणारं प्रथिन जनुकाद्वारे घालायचं आणि विशेष गॉगलने उजेड द्यायचा. २०२१ मध्ये पॅरिस आणि बाझेलच्या चमूने आरपीच्या एका रुग्णावर हे केल्याचं प्रसिद्ध केलं. वर्षानुवर्षं अंध असलेल्या त्या गृहस्थांना गॉगल लावल्यावर टेबलावरची वही सापडली. यात मूळ जनुक कोणतं बिघडलंय याने फरक पडत नाही, म्हणून आरपीवाल्यांनी यावर लक्ष ठेवावं.

कृष्णाकाठ

दवाखान्याला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. "आमच्याकडे यशाचं प्रमाण चांगलं आहे" असं उत्तर आलं, क्रमांक नाही. पैसे भरणार नाही. ओसीटी आणि फील्ड टेस्टची वेळ पुढच्या आठवड्यात घेतली आहे. काळी ताटं मामींनी काल बाजारातून आणली. जनुकीय तपासणीला रक्त फक्त भावाचं लागतं की मामा-मामींचंही?

कवडसा

सुरुवातीला भावाचं. दोष सापडला की खात्रीसाठी आई-वडिलांचंही मागतात, म्हणून दोघांना सोबतच न्या, पुन्हा फेरी नको. आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा, कोणतं पॅनेल, म्हणजे कोणत्या जनुकांची तपासणी, करायचं ते तेच सांगतील. ओसीटीचा रिपोर्ट आला की इथे टाका, नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून. सूज आहे का ते बघून सांगते.